फायरवॉलचं लॉगिन पान इंटरनेटवर उघडं कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या अंकात जवळजवळ रोज असतात आणि बहुतेक बातम्यांखाली चौकटीत तोच सल्ला असतो: ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड बदलत राहा. सल्ला चुकीचा नाही. पण तो सगळा खातेदाराला, पालकाला, पेशंटला उद्देशून असतो. ज्या पतपेढीत, शाळेत, इस्पितळात या माणसांची माहिती साठवलेली असते, त्या कचेरीने काय करायचं याबद्दल चौकटीत एक ओळ नसते. वसई तालुक्यातल्या अशा लहानमोठ्या कचेऱ्यांचं नेटवर्क सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्या राहून गेलेल्या ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. फायरवॉल (कचेरीचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधली राखणीची पेटी), राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचं बोटाच्या ठशाचं यंत्र, बॅकअपची पेटी, या प्रत्येकाचं एक वेब पान असतं. ब्राउजरमध्ये पत्ता टाकायचा, युजरनेम-पासवर्ड द्यायचा आणि पेटीचा सगळा कारभार हाती घ्यायचा. हे पान कचेरीच्या आतून उघडलं पाहिजे, जगात कुठूनही उघडता कामा नये. आणि ते उघडं आहे की नाही हे दरवर्षी तपासणं कुणाच्या तरी कामात लेखी नमूद असलं पाहिजे. आज ते कुणाच्याच कामात नाही.

‘पासवर्ड भक्कम ठेवला की झालं, पान दिसलं म्हणून काय बिघडलं?’ हा प्रश्न मला प्रत्येक संस्थेत विचारतात. उत्तर असं, की काही चुका अशा असतात ज्यांत पासवर्ड विचारला जाण्याआधीच काम तमाम होतं. त्यातली एक जुनी आणि आजही जिवंत असलेली चूक म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या कोठाराला, हुकूम द्यायची भाषा. ती मला आडनावामुळे फार लवकर कळली.

मराठीत मी डिमेलो असं सरळ लिहिते. इंग्रजीत मात्र डी या अक्षरानंतर वर एक सिंगल कोट येतो आणि मग मेलो. आमच्याकडे डिसोजा, डिसिल्वा, डिकुन्हा घरोघरी आहेत आणि त्या सगळ्यांच्या आधार, पॅन, पासबुकावर ते चिन्ह असतं. एका शाळेच्या कार्यालयात प्रवेशाचं सॉफ्टवेअर नवीन आलं होतं. क्लार्कबाईंनी एका मुलाचं असंच आडनाव टाइप केलं, सेव्हचं बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ आली. तुमच्या एसक्यूएलच्या वाक्यरचनेत चूक आहे, आणि चूक कुठे, तर आडनावाच्या उरलेल्या अर्ध्या भागाजवळ. बाई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या लोकांच्या आडनावातलं ते वरचं टिंब काढलं की होतं सेव्ह. आम्ही सगळ्यांचं काढतो.” त्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांच्या दाखल्यावर आणि आधारवर आडनाव जुळत नाही, आणि पुढे पासपोर्टच्या वेळी आईवडील प्रतिज्ञापत्रं करत फिरतात. हा त्रास वेगळाच. मला मात्र त्या लाल ओळीने घाम फोडला.

कारण डेटाबेसच्या भाषेत तोच सिंगल कोट ‘मजकूर इथे सुरू झाला’ आणि ‘इथे संपला’ हे सांगायला वापरतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने क्लार्कबाईंनी टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा उचलून डेटाबेसला द्यायच्या हुकमात चिकटवला होता. डेटाबेसने डी वाचला, कोट वाचला आणि नाव संपलं असं समजला. पुढचं ‘मेलो’ त्याला हुकमाचा भाग वाटला आणि असा हुकूम त्याला ठाऊक नसल्याने तो अडला. म्हणजे नावाच्या रकान्यात लिहिलेलं तो हुकूम म्हणून वाचतो, हे सिद्धच झालं. आमचं बिचारं आडनाव अर्थहीन हुकूम ठरलं. ज्याला ही भाषा येते तो तिथे अर्थपूर्ण हुकूम लिहील. लॉगिनच्या रकान्यात कोट टाकून पुढे ‘किंवा एक बरोबर एक’ एवढं लिहिलं तरी अट कायम खरी ठरते आणि पासवर्डशिवाय आत घेतलं जातं. त्याहून जाणता असेल तो याद्या बाहेर काढतो, नोंदी बदलतो आणि काही डेटाबेसमध्ये तर थेट मशीनवर प्रोग्रॅम चालवतो.

सॉफ्टवेअरवाल्याला मी फोन केला. त्याने दोनच दिवसांत ‘दुरुस्ती’ पाठवली. आता सिंगल कोट टाइप केला की ‘स्पेशल कॅरेक्टर चालणार नाही’ अशी चौकट उघडते आणि सेव्ह होत नाही. ही दुरुस्ती नव्हे. ती चौकट क्लार्कबाईंच्या ब्राउजरमध्ये उघडते. हल्ला करणारा त्यांचा फॉर्म कशाला वापरेल? तो आपली विनंती सरळ सर्व्हरला पाठवतो, तिथे अडवायला कुणी नाही. शिवाय मुलाचं आडनाव चुकीचं ते चुकीचंच राहिलं.

खरा उपाय प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना शिकवतातच. हुकूम आधी डेटाबेसकडे द्यायचा, त्यात जिथे नाव यायचं तिथे रिकामी जागा ठेवायची आणि नाव नंतर वेगळं पाठवायचं. मग त्या नावात कोट असो, स्वल्पविराम असो की अख्खा निबंध असो, डेटाबेस त्याला नाव म्हणूनच घेतो. चेकवर रक्कम अक्षरी लिहून आपण ‘फक्त’ लिहितो आणि उरलेल्या जागेवर रेघ मारतो, म्हणजे कुणी मागाहून ‘लाख’ घुसडू नये, हे त्यातलंच. पीएचपीत, जाव्हात, पायथनमध्ये याची सोय कित्येक वर्षांपासून तयार आहे. पैसे पडत नाहीत. सवय लागते, आणि काम घेणाऱ्याने विचारायला लागतं.

ही चूक नवीनही नाही. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या ऑनलाइन नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने तिचं वर्णन छापलं होतं. पुढे तिला ‘अक्षम्य’ म्हटलं गेलं, तेही २००७ मध्ये. २५ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा यंत्रणेने आणि एफबीआयने सॉफ्टवेअर कंपन्यांना उद्देशून एकत्र पत्रक काढलं, त्यात या २००७ ची आठवण करून देऊन सांगितलं की उपाय माहीत असूनही कंपन्या अजून अशी सॉफ्टवेअरं विकत आहेत. सतरा वर्षांनी सरकारी यंत्रणेला हे पुन्हा लिहावं लागतं, याचा मला संताप येतो.

शाळेचं सॉफ्टवेअर कुणा लहान विक्रेत्याने घाईत लिहिलं, म्हणून त्यात चूक राहिली, असं कुणी म्हणेल. पण हीच चूक सुरक्षेसाठी विकत घेतलेल्या पेट्यांच्या व्यवस्थापनाच्या पानांत निघते, तीही जगभर नाव असलेल्या कंपन्यांच्या. इथे मी ज्या प्रकरणाकडे बोट दाखवते त्याची मला जवळून ओळख आहे, कारण त्या दिवसांत मी त्याच पेट्यांपुढे बसले होते.

२२ एप्रिल २०२०. टाळेबंदीचा पहिला महिना अजून संपायचा होता. त्या दिवशी सोफोस या ब्रिटिश कंपनीकडे तक्रार आली, की एक्सजी फायरवॉलच्या व्यवस्थापनाच्या पानावर एका ठिकाणी भलताच मजकूर दिसतो आहे. कंपनीने शोध घेतला तेव्हा कळलं, की लॉगिन न करता एसक्यूएल इंजेक्शन करून कुणीतरी पेटीच्या डेटाबेसमध्ये एक ओळ घातली होती. त्या ओळीमुळे पेटीने बाहेरच्या एका सर्व्हरवरून एक स्क्रिप्ट आणली. सर्व्हरचं नाव असं, की वाचणाऱ्याला वाटावं सोफोसच्याच अपडेटचा पत्ता आहे. स्क्रिप्टने पुढचं सामान आणलं आणि पेटीवरच्या वापरकर्त्यांची नावं, पासवर्डचे हॅश (त्यांची सांकेतिक रूपं), ईमेल पत्ते, व्हीपीएन (बाहेरून कचेरीच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) कुणाकुणाला दिलं आहे ती यादी, हे सगळं गोळा केलं.

कोणत्या पेट्या सापडल्या? ज्यांचं अॅडमिनचं पान किंवा वापरकर्त्यांचं पोर्टल इंटरनेटच्या बाजूने उघडं होतं त्या. आणखी एक गट होता, त्याची मला जास्त हळहळ वाटते. त्यांनी अॅडमिनचं पान मुद्दाम उघडलं नव्हतं. पण घरून काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएन ज्या पोर्टवर, म्हणजे पेटीच्या ज्या क्रमांकाच्या दारावर, दिलं त्याच पोर्टवर पोर्टल किंवा अॅडमिनचं पान बसलं होतं. टाळेबंदीत तर व्हीपीएन मागणाऱ्यांची रांग लागली होती.

कंपनीने जे केलं तेही नोंदवते. २५ एप्रिलपासून तिने दुरुस्ती थेट पेट्यांवर पाठवली. आपोआप दुरुस्ती घेण्याची सोय चालू होती तिथे कुणी हात न लावता ती बसली आणि तुमची पेटी बाधित झाली होती की नाही हे अॅडमिनच्या पानावर दिसू लागलं. हल्लेखोरांनी मग डाव बदलून रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, पसरवायचा प्रयत्न केला, पण दुरुस्ती बसलेल्या पेट्यांवर तो फसला.

तेव्हा मी पास काढून एका पतपेढीत गेले होते. शटर अर्धं वर, आत मॅनेजर आणि शिपाई दोघेच, काउंटरवर सॅनिटायझरची बाटली. पेटीच्या पानावर सूचना होती, की एसक्यूएल इंजेक्शनसाठीची दुरुस्ती बसली असून साफसफाई अंशतः झाली आहे. म्हणजे पेटी बाधित होती. अॅडमिनचे पासवर्ड बदलले, पेटी बंद-चालू केली, मग पेटीवरच्या प्रत्येक वापरकर्त्याचा पासवर्ड बदलला. मॅनेजरसाहेब तेवढा वेळ उभेच होते. मग मी त्यांना डिव्हाइस अॅक्सेसचा तक्ता उघडून दाखवला. डावीकडे लॅन, वॅन, डीएमझेड, व्हीपीएन अशा ओळी, वर एचटीटीपीएस, एसएसएच असे रकाने. वॅनची ओळ म्हणजे इंटरनेटची बाजू. ती एचटीटीपीएसच्या रकान्याला मिळते त्या चौकोनात टिक होती. साहेबांनी विचारलं, “ही कुणी केली?” पेटी बसवणाऱ्या एजन्सीने केली होती, काही अडलं तर ठाण्याहून वसईला यायला नको म्हणून. ती टिक त्यांच्या सोयीची होती. सभासदांच्या ठेवींचे हिशेब त्या टिकेमागे होते, आणि सभासदांना, संचालकांना, मॅनेजरला, कुणालाही ते माहीत नव्हतं.

या हल्ल्याचा आवाका जगाला कळला तो बऱ्याच उशिरा. १० डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या वित्त खात्याने चीनमधल्या सिचुआन सायलेन्स या कंपनीवर आणि तिच्या गुआन तियानफेंग या कर्मचाऱ्यावर निर्बंध लावले. खात्याच्या म्हणण्यानुसार २२ ते २५ एप्रिल २०२० या काळात जगभरातल्या सुमारे ८१,००० फायरवॉल बाधित झाल्या; त्यातल्या २३,००० हून जास्त अमेरिकेत होत्या, आणि त्यांपैकी छत्तीस पेट्या अत्यावश्यक सेवांच्या कंपन्यांच्या राखणीला होत्या. एका ऊर्जा कंपनीचं त्या वेळी तेलविहिरींचं खोदकाम चालू होतं. हल्ला रोखला गेला नसता तर विहिरींवरची यंत्रं बिघडून माणसं दगावू शकली असती, असं खात्याने लिहिलं आहे. गुआनवर तिथे आरोपपत्र आहे आणि माहिती देणाऱ्याला एक कोटी डॉलरपर्यंत बक्षीस जाहीर झालं आहे. आपल्याकडच्या किती पतपेढ्या, किती कॉलेजं त्या ८१,००० मध्ये होती, हा प्रश्न महाराष्ट्रात कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि आपला संबंध नुसता गिऱ्हाइकाचा नाही. सायबरोम ही अहमदाबादची कंपनी. आपल्या शाळा-कॉलेजांत, सहकारी संस्थांत तिच्या फायरवॉल मी वर्षानुवर्षं पाहत आले. २०१४ मध्ये सोफोसने ती विकत घेतली. सोफोसने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतःवरच्या हल्ल्यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला, त्याची सुरुवातच सायबरोमच्या मुख्यालयातून होते. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या भिंतीवरचा पडदा चालवणाऱ्या एका साध्या संगणकात हल्लेखोर शिरलेले सापडले होते. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सायबरोमच्या वेबअॅडमिन पानात एसक्यूएल इंजेक्शनची चूक निघाली. लॉगिनची गरज नाही, दुरून हुकूम देता येतो. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सिसाने ही चूक ‘प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या’ चुकांच्या यादीत घातली. चार वर्षांहून जुनी चूक आणि वयाने संपलेली पेटी. त्या पेट्या मला आजही रॅकमध्ये दिसतात, धूळ बसलेल्या, दिवा हिरवा. लायसन्स कधीच संपलेलं, पण इंटरनेट चालतं, म्हणून कुणी हात लावत नाही.

‘नवीन पेटी घेतली की सुटलो’ असंही नाही. फोर्टिवेब हे उपकरण वेबसाइटवर होणारे हल्ले अडवायलाच विकतात, आणि त्या हल्ल्यांत एसक्यूएल इंजेक्शन पहिल्या रांगेत. जुलै २०२५ मध्ये खुद्द फोर्टिवेबच्या व्यवस्थापनाच्या पानात तीच चूक जाहीर झाली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. लॉगिन नसलेल्या माणसाने विनंतीच्या शीर्षात टोकन (ओळख पटवायचा संकेत) म्हणून जे काही पाठवलं ते तसंच उचलून डेटाबेसच्या हुकमात चिकटवलं जात होतं. त्यात रिकामी जागा चालत नव्हती आणि लांबी १२८ अक्षरांपुरतीच होती. अभ्यासकांनी शब्दांमधल्या जागेच्या ऐवजी टिप्पणीची चिन्हं घातली आणि हुकूम चालला. म्हणून मी म्हणते, की अमुक चिन्ह बंद, तमुक चिन्ह बंद या मार्गाने हा रोग जात नाही. फोर्टिवेब बनवणाऱ्या फोर्टिनेटने दुरुस्तीत अखेर हुकूम वेगळा आणि मजकूर वेगळा हाच मार्ग धरला. तोवरचा तात्पुरता उपाय म्हणून कंपनीने काय सांगितलं होतं? अॅडमिनचं वेब पान बंद ठेवा.

या चुकीचा फटका सामान्य माणसाला कसा बसतो ते पाहायचं तर २०२३ मधलं मूव्हइट प्रकरण पुरे. फाइली सुरक्षित पाठवण्याचं हे सॉफ्टवेअर होतं. एसक्यूएल इंजेक्शनने त्यातून क्लॉप या खंडणीखोर हॅकर टोळीने डेटा नेला, आणि पगाराचं काम बाहेरच्या कंपनीकडे दिलेल्या बीबीसी व ब्रिटिश एअरवेजच्या नोकरदारांचीही माहिती त्यात गेली. त्या नोकरदारांनी ना ओटीपी सांगितला होता, ना लिंक उघडली होती.

आता आपल्याकडे पान उघडं का राहतं ते सांगते. संस्थेने एजन्सीला एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, दिलेलं असतं. एजन्सीचा मुलगा एकटा, संस्था पन्नास. प्रत्येक ठिकाणी जायला त्याला वेळ नाही, म्हणून तो पान बाहेरून उघडं ठेवतो. त्याने नोकरी सोडली की नवीन मुलगा येतो, त्याला जुनी टिक दिसत नाही, तो आपली नवीन टिक करतो. अॅडमिनचा पासवर्ड अनेक संस्थांना एकच असतो. निविदेत सगळ्यात कमी दराला काम जातं, आणि दरपत्रकात पेटीचा वेग, पोर्ट, वॉरंटी असते. व्यवस्थापनाचं पान कुठून उघडणार हे नसतं. त्या मुलांना मी दोष देत नाही. लिहून मागितलं तर ते करतात, हा माझा अनुभव आहे. मागत कुणी नाही.

मागणार कोण? नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. पतपेढ्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्या सहकार खात्याच्या. खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या ठेवी, पिग्मी, सोनेतारण तिथे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ खाली त्यांचं दरवर्षी लेखापरीक्षण होतं. लेखापरीक्षक रोकड मोजतो, तारणाचं सोनं तपासतो, थकबाकीच्या याद्या पाहतो. त्याच्या तपासणीत आणखी तीन प्रश्न घालायला सहकार आयुक्तांना अडचण नसावी. संस्थेच्या कोणत्या उपकरणांचं व्यवस्थापन पान इंटरनेटवरून उघडतं? प्रत्येक उपकरणाला कंपनी दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत देणार आहे? शेवटची दुरुस्ती कधी बसवली? अमेरिकेत १३ जून २०२३ च्या आदेशाने केंद्रीय नागरी खात्यांना अशी उघडी पानं सापडल्यापासून चौदा दिवसांत इंटरनेटवरून काढायला किंवा प्रवेशावर कडक नियंत्रण ठेवायला सांगितलं आहे. आपल्याकडे महिना द्या, पण मुदत द्या.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग, म्हणजे यंत्रावर काय काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. पण लॉग त्याच पेटीत, आणि पेटीची जागा भरली की जुने पुसून नवीन. हल्ला झाल्याचं कळायलाच मार्ग नसेल तर सहा तास कशापासून मोजायचे? हे लॉग वेगळ्या मशीनवर नेणं फार खर्चाचं नाही. जुना चालू संगणकही पुरतो.

शाळा, कॉलेज, नगरपरिषदा यांच्या निविदांबद्दल एवढंच सांगते: वेब सॉफ्टवेअर घेताना सर्ट-इनच्या पॅनेलवरच्या ऑडिटरकडून तपासणीचा अहवाल मागा आणि तो मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. त्याआधी फुकटात एक करता येतं. विक्रेता डेमो द्यायला येईल तेव्हा त्याला त्याच्या हाताने एखादं डिसोजा नाव, कोटसकट, टाइप करायला सांगा. लाल ओळ आली तर पुढचं बोलणंच नको. ‘चालणार नाही’ अशी चौकट आली तरीही स्वीकारू नका. माणसाचं कायदेशीर नाव जे सॉफ्टवेअर नाकारतं ते आपल्या कामाचं नाही. नाव नीट सेव्ह झालं तर चांगलं, मात्र तेवढ्याने सॉफ्टवेअर निर्दोष ठरत नाही, अहवाल हवाच.

३० सप्टेंबरच्या आत सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा होतात. लाभांश किती यावर आपण तासभर बोलतो. ज्या वाचकांच्या ठेवी पतपेढीत आहेत त्यांनी वर लिहिलेले तीन प्रश्न सभेआधी लेखी द्यावेत. संचालकांना उत्तर माहीत नसेल तर त्यांना शोधावं लागेल, आणि तेच हवं आहे.

मॅनेजर किंवा मुख्याध्यापक स्वतःही पाहू शकतात, आपल्याच संस्थेपुरतं. एजन्सीकडून संस्थेचा स्टॅटिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) आणि अॅडमिनच्या पानाचा पोर्ट क्रमांक लिहून घ्या. कचेरीचं वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तो पत्ता उघडा. लॉगिनचं पान समोर आलं तर ते जगात सगळ्यांना दिसतं आहे. त्याच दिवशी एजन्सीला बोलावून वॅनच्या ओळीतली टिक काढून घ्या आणि व्हीपीएन त्याच पोर्टवर बसलेलं नाही ना हेही बघा. एजन्सीला दुरून यायचंच असेल तर व्हीपीएनमधून यावं, प्रत्येकाने आपल्या नावाच्या खात्याने, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला की खातं त्याच दिवशी बंद व्हावं.

आपली,
डिमेलो
वसई (पश्चिम), जि. पालघर
(पूर्ण नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)